झेंडू बांधलेली केबल

आमच्या धर्मादाय रुग्णालयात नवा सर्व्हर आला तो खंडेनवमीच्या तोंडावर. तो कुठे ठेवायचा यापेक्षा त्याची पूजा कोणाच्या हस्ते करायची, यावरच जास्त बैठका झाल्या. मी तिथला प्रशासकीय अधिकारी. पद भारदस्त वाटतं. काही बिघडलं की ज्याच्याकडे सगळे बघतात, तो माणूस एवढाच त्याचा अर्थ.

केसपेपरची खिडकी, लॅब, औषधाचं दुकान, ऑपरेशन थिएटर, सगळे संगणक एकाच नेटवर्कवर होते आणि सगळी माहिती एका जुन्या सर्व्हरवर साठत होती. तो इतका थकला होता की उन्हाळ्यात त्याच्यासमोर टेबलफॅन लावावा लागे. नवी पेठेतल्या दुकानातून आलेल्या इंजिनियरने मला नीट समजावलं होतं.

"सर, नेटवर्कवर प्रत्येक मशीनला घरासारखा पत्ता असतोय. जुन्याचाच पत्ता मी नव्याला देऊन ठेवलाय. रविवारी माहिती उतरवून घेऊ, जुनं बंद करू, नवं जोडू. कुणाला कळणार पण नाही. खंडेनवमीला नुसता करंट द्या, दिवे लागतील. केबल मात्र लावू नका. नवं अजून रिकामं हाय. एका पत्त्यावर दोघं आले तर संगणक चुकीच्या घरात शिरतात."

मला पटलं. पण आमच्या अध्यक्षांना नुसते दिवे पुरत नाहीत. उद्घाटन म्हटलं की हाताला काहीतरी कृती हवी. सर्व्हरच्या खोलीत समई नको, हे मी आधीच बजावलं होतं. फीत बांधावी तर दार इतकं अरुंद की अध्यक्ष आत आले की फितीला जागा उरत नाही. शेवटी खंडेनवमीच्या सकाळी एका विश्वस्तांना सुचलं, आणि मी केसपेपरच्या खिडकीवरची गर्दी आवरून पोचलो तेव्हा अध्यक्षांच्या हातात निळी केबल होती. तिला झेंडूची माळ गुंडाळलेली. मी "साहेब" म्हणेपर्यंत टक् असा आवाज झाला. टाळ्या पडल्या. इंजिनियर गर्दीत दाराबाहेर अडकला होता. टाचा उंच करून त्याने आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. विषय होता कागदमुक्त रुग्णालय.

थोड्याच वेळात लॅबच्या मॅडम दाराशी आल्या आणि मला खुणेने बाहेर बोलावलं.

"सर, माझे सगळे रिपोर्ट गेले. कुठलंही नाव टाका, नोंद सापडत नाही म्हणतंय."

मी इंजिनियरकडे पाहिलं.

"गेले नाहीत सर. जुन्यावर असणार."

"असणार?"

"असणारच." पण त्याने घाम पुसला.

मॅडमच्या मागे एक माणूस उभा होता. मोहोळकडचा. त्याच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन आज होतं. भूल देणारे डॉक्टर बाहेरून येत, आणि रक्ताचा रिपोर्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते पेशंटला हात लावत नसत. दुपारी त्यांना दुसरीकडे जायचं होतं. आज राहिलं तर उद्या दसरा, मग पुढे कधी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

"सायेब, आईला कालच्या रातीपासनं उपाशी ठिवलंय की. पाणी बी दिलं न्हाय. रक्त तर पहाटंच घेतलंय. मग रिपोट कुटं गेला?"

मी मॅडमना विचारलं, आकडे आठवतात का?

"आठवतात. पण माझ्या आठवणीवर भूल देतील का ते?" त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा तपासायचं तरी नोंद घेणारा संगणक कुठला?"

आत भाषण कागदाच्या अनिष्ट परिणामांवर आलं होतं.

उपाय सगळ्यांना दिसत होता. केबल उपसायची. पण ती अध्यक्षांनी जोडलेली, हळदकुंकू लावलेली, माळ घातलेली केबल होती. तिचं दुसरं टोक होतं अध्यक्षांच्या पाठीमागे, भिंतीवरच्या नेटवर्कच्या पेटीत. तिथे पोचायला आधी अध्यक्षांना सरकवावं लागलं असतं. मी विश्वस्तांच्या कानाशी लागलो. ते दचकले.

"अहो, पूजेत मांडलेलं यंत्र उद्यापर्यंत हलवायचं नसतं. यंत्रमागाच्या गावात राहून एवढं माहीत नाही? आमच्याकडे आज मागाला बोट लावत नाहीत."

"मग याला तरी कशाला लावलं?"

"ते साहेबांनी लावलंय," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

जिन्यावरून भूल देणारे डॉक्टर खाली येताना दिसले. बॅग हातात होती. मोहोळचा माणूस त्यांच्याकडे बघत होता आणि मग माझ्याकडे.

गुरुजी दक्षिणेची वाट पाहत कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्यापाशी वाकलो.

"गुरुजी, देवाला आत्ता निरोप देता येईल का? एका बाईचं ऑपरेशन अडलंय."

त्यांनी एकवार अध्यक्षांकडे पाहिलं. "देव कुठं अडवतोय?" असं पुटपुटून ते उठले, आणि भाषणातल्या एका लांबलेल्या वाक्याच्या मध्यावर खणखणीत आवाजात मंत्र सुरू केला. अध्यक्षांनी सवयीने हात जोडले. विश्वस्तांनीही. गुरुजींनी सर्व्हरवर अक्षता टाकल्या आणि मला म्हणाले, "झालं. उचला आता."

सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी केबल ओढली. माळ माझ्या हातात आली.

मॅडम लॅबकडे पळाल्या होत्या. मी बोळात उभा राहिलो. लॅबमधून काही ऐकू येईना. जुना सर्व्हर खरोखरच सगळं जपून असेल का, हा प्रश्न त्या शांततेत फार मोठा झाला. मग त्यांचा आवाज आला, "आले! सगळे आले!" तोवर डॉक्टर रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचले होते. मोहोळच्या माणसाने त्यांची वाट अक्षरशः अडवली. डॉक्टरांनी थिएटरच्या संगणकावर रिपोर्ट वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि बॅग खाली ठेवली.

म्हातारीला स्ट्रेचरवरून नेताना मुलाने माझ्या हातातल्या माळेकडे बघितलं.

"देवाचं हाय का ह्ये?"

"हो," मी म्हणालो. देवाला नुकताच निरोप दिल्याचं सांगितलं नाही.

त्याने एक फूल तोडून आईच्या कपाळाला टेकवलं. थिएटरच्या दारातल्या नर्सबाईंनी फूल आत चालणार नाही म्हणून ते काढून त्याच्या हातात परत दिलं, आणि दार लागलं. तो बाकावर बसला. मीही शेजारी बसलो. पलीकडे खोलीत भाषण पुन्हा सुरू झालं होतं.