शेठच्या भरीत पार्टीत

"टेक गुडघे. तुझा येशू पाण्याची दारू करायचा ना? कर आता याची."

शेठने स्टीलचा तांब्या माझ्यासमोर आदळला. पाहुणे फिदीफिदी हसले.

धरणगावजवळ शेठच्या मळ्यात भरीत पार्टी होती. मी त्याच्या कापसाच्या जिनिंगमधला हमाल. कपाशीच्या काड्या मी आणल्या, जाळ मी केला. भाजलेल्या वांग्यांना मात्र मी हात लावायचा नाही. हे कुणी सांगावं लागत नव्हतं.

आधीच्या पार्ट्यांत शेठ मला पाजायचा. मी नाचायचो, पडायचो. ते हसायचे. फुकटची मिळते म्हणून मीही खूश. लाज विकून बसलो होतो.

मग पावसाळ्यात रक्ताची उलटी झाली. वस्तीतल्या अक्का मला प्रार्थनेला घेऊन गेल्या. पत्र्याची खोली, सतरंजी, आमच्यासारखीच माणसं. अक्कांनी डोक्यावर हात ठेवला आणि देवाजवळ माझ्यासाठी रडल्या. दवाखानाही केला, खोटं कशाला बोलू? पण दारूवाचून जगावं असं वाटलं ते त्या खोलीत. माझ्यासाठी कुणी रडावं एवढी माझी किंमत आहे, हे मला आधी कुणी कळूच दिलं नव्हतं.

म्हणून त्या पार्टीत शेठने ग्लास पुढे केला तेव्हा एवढंच म्हणालो होतो, "माले नको, शेठ."

"दारू करता येत नाही? मग ही घे."

ग्लास नाकाशी आला. वासानं तोंडाला पाणी सुटलं. एक घोट, की मी परत गटारीत. मला माहीत होतं. शेठलाही माहीत होतं.

मी गुडघे टेकले नाहीत. तांब्या उचलला. एरवी त्यातलं पाणी मला वरून ओंजळीत मिळायचं. सरळ तोंड लावलं. घटाघटा प्यालो.

हसणं थांबलं.

"अरे, तांब्या बाटवला यानं!" कुणीतरी ओरडलं.

"पाणी शे, शेठ. पाणीच ऱ्हायनं."

"उद्यापासून जिनिंगमध्ये पाय ठेवू नको."

नाही ठेवला. आता पाचोऱ्याला गोदामात पोती उचलतो. शेठकडे सगळं आहे, तरी हसायला त्याला पडलेला माणूस लागतो. हा आजार कुठल्या बाटलीनं बरा होणार?

अक्का म्हणतात, त्याला माफ कर. अजून जमत नाही. राग येतो. उद्या जमेलही. पण माफ केलं तरी त्याच्यापुढे नाचणार नाही. गुडघे टेकीन ते देवापुढे. माणसापुढे उभाच राहीन.