ट्रान्झिस्टरच्या तीन पायांचा गोंधळ

एकच धडा वीस वर्षं शिकवला की धडा तेवढाच राहतो, किस्से मात्र वाढत जातात! तेव्हाच्या औरंगाबादेत मी एका टेक्निकल स्कूलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. ट्रान्झिस्टर आला की वर्गात काहीतरी घडणारच, हे ठरलेलं.

*

"याला तीन पाय. बेस, कलेक्टर, एमिटर. बेसला चिमूटभर करंट दिला की कलेक्टरकडून एमिटरकडं धो धो करंट वाहतो. बेस बंद तर सगळं बंद, तो कट-ऑफ. बेस कितीही वाढवला तरी पुढं वाढत नाही, ते सॅच्युरेशन. कळलं?"

मग पडेगावचा कडुबा उठला.

"सर, म्हंजी बेस आमची माय. ती नुसतं 'हं' म्हणती, अन् बाप दिवसभर राबतो."

"बरोबर! आणि माय काहीच बोलली नाही तर?"

"बाप बाजंवर. कट-ऑफ!"

"आणि लई बोलली तर?"

"सॅच्युरेशन! बाप आदीच पळायलाय सर, आणखी किती पळंल?"

पुढं कायम मी हा धडा असाच शिकवला.

*

आमचे लॅब असिस्टंट रफिकभाई. बेसला करंट आवरणारा रेझिस्टर न लावता पोरं थेट बॅटरी जोडायची आणि ट्रान्झिस्टर जळायचा. मग रफिकभाई गुन्हेगाराला उभं करायचे.

"मरनेवाले का नाम?"

"ट्रान्झिस्टर बीसी एकशे अठ्ठेचाळीस."

"कैसे मरा?"

"रेझिस्टर लावायचा राहिला, रफिकभाई."

एकानं एका दिवसात तीन जाळले. चौथा मागायला गेला तर रफिकभाईंनी ट्रान्झिस्टरांची डबीच मागं ओढली.

"ठैर मियाँ. पैले इसकू इसके घरवालों से मिल लेने दे!"

*

तोंडी परीक्षेत मी विचारलं, "ट्रान्झिस्टरच्या चिन्हात बाण कशाला असतो?"

"करंट रस्ता चुकू नये म्हणून, सर."

मी अर्धा मार्क दिला. शेजारून रफिकभाई म्हणाले, "पूरा दो साब. करंट अब्बी तक चुक्याच नै!"

*

त्या काळी लोक रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायचे. एकदा कडुबाचे वडील बंद पडलेला रेडिओ काखेत मारून आले. पोराला म्हणाले, "खोल. डब्यावर लिवलंय, आत सहा ट्रान्झिस्टर. मोज बरं."

कडुबानं मोजले. सहा भरले.

"बास. लाव झाकण."

"अहो, पण तो वाजत नाही ना!" मी म्हणालो.

"नसंना का वाजत, सर. दुकानदार खरा निघाला!"

*

शहनाज खुलताबादहून एसटीनं यायची. वर्गात एकटी मुलगी. पास झाली तरच चिकलठाण्याच्या कारखान्यात अर्ज करता येणार होता, आणि घरी तिनं शिकायला एकच वर्ष मागून घेतलं होतं.

प्रॅक्टिकलला तिनं पाण्याचा अलार्म केला. दोन उघड्या तारा पाण्यात बुडाल्या की पाण्यातून बेसला जरासा करंट मिळणार आणि बझर ओरडणार. घरी तिनं तो दहा वेळा वाजवून पाहिला होता.

बाहेरगावचे परीक्षक आले. कपाळावर आठ्या. त्यांनी कपाटातली बाटली उचलून पाणी ग्लासात ओतलं. तारा बुडवल्या. बझर गप्प!

"नापास," ते म्हणाले.

शहनाजनं बाटली हुंगली, लेबल वाचलं.

"सर, हे बॅटरीत घालायचं पाणी आहे. एकदम शुद्ध. यातनं करंट जवळजवळ जातच नाही."

"कारणं नकोत. पाणी ते पाणी!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मला हातानंच गप्प केलं. शहनाजनं इकडंतिकडं पाहिलं. परीक्षकांसमोर कॅन्टीनचा चहा होता, अजून एक घोटही न घेतलेला. तिनं काही न विचारता दोन्ही तारा चहात बुडवल्या.

टींऽऽऽ! अख्खी लॅब दणाणली.

परीक्षकांनी कप तिरका करून चहा किती पातळ आहे ते पाहिलं. मग त्यांनी पेन काढलं, तिचे मार्क लिहिले आणि म्हणाले,

"हिला पास केलंय. आता त्या चहावाल्याला बोलवा!"