आकडा सांगून गप्प

घरात तिला बडबडी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. लेखात एक शब्द फालतू जाऊ द्यायची नाही, पण फोनवर समोरचा जरा गप्प बसला की हिला राहवायचं नाही. मानधन विचारलं की म्हणायची, "तीन हजार." पलीकडे शांतता. लगेच ही, "अडीच चालतील." तरी शांतता. "बरं, दोन द्या." समोरच्याने तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं. विकणारीही हीच आणि घासाघीस करणारीही हीच.

एकदा हे थोरल्या जावेने स्वयंपाकघरातून ऐकलं. थोरलीही लिहायची, दुकानांची माहितीपत्रकं, अधूनमधून लेख वगैरे. जावाजावा उभा दावा म्हणतात, तसं या दोघींत नव्हतं, पण माया उतू जात होती असंही नाही. आपला दर तर दोघींनी एकमेकींना कधीच सांगितला नव्हता. लिहिणारी माणसं एक वेळ वय सांगतील.

त्या दिवशी थोरलीने कांदा चिरायचा थांबवला. "मी चार घेते," ती म्हणाली.

"एका लेखाचे?"

"एका लेखाचे. आकडा सांगायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं. पुढचा बोलेपर्यंत उघडायचं नाही."

मग तिने बडबडी ज्या मासिकात लिहायची त्याचा अंक मागवला आणि जाहिरातींची पानं तिलाच मोजायला लावली. निम्मा अंक जाहिरातींनी भरला होता.

"परवडत नाही असं कोण म्हणतं तुला?"

"संपादक."

"म्हणणारच," थोरली म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडे वळली.

पुढच्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला. आरोग्याचं सदर, वर्षभर, दर महिन्याला चार लेख. बडबडीच्या नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलेलं, घर या मासिकावरच चाललेलं. पैसे तीन-तीन महिने उशिरा यायचे, पण यायचे. हे काम गेलं तर दुसरं हातात नव्हतं.

"एका लेखाचे काय घ्याल?"

"चार हजार," ती म्हणाली आणि टेबलाची कड घट्ट धरली.

पलीकडे कुणीतरी कागद चाळत होतं. 'अडीच' अगदी जिभेच्या टोकावर आलं. तिने ते गिळलं.

"एकदम दुप्पट? कुणी शिकवलं हे?"

जावेचं नाव तोंडातून निघू नये म्हणून तिने ओठ दाबून धरले.

"हरकत नाही. तुम्हाला ताप होता तेव्हा तुमच्या जाऊबाईंनी लिहून दिलं होतं. त्या करतील दोनमध्ये." फोन बंद झाला.

लगोलग पलीकडच्या खोलीत थोरलीचा फोन वाजला. बडबडी उठली, पण तिथेच थांबली. थोरलीचंही काम दोन महिने थंडच होतं. तिने हो म्हटलं तर तिला बोल तरी कसा लावणार?

"हो, ओळखलं ना," थोरलीचा आवाज आला. "वर्षभर? हो, वेळ आहे माझ्याकडे."

बडबडीला तिचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

"चार हजार," थोरली म्हणाली.

मग काहीच नाही. थोरली फोन कानाला लावून दारात आली आणि बडबडीकडे बघत तिने ओठांवर बोट ठेवलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अखेर फोनमधून बारीक आवाज आला.

"मग ते तिलाच सांगा," थोरली म्हणाली. "सदर तिचं आहे." तिने फोन पुढे केला.

"चार देऊ," संपादक म्हणाले.

बडबडीला आभार मानायचे होते, पण शब्दच फुटेना. पलीकडे संपादक थोडा वेळ थांबले, खाकरले.

"बरं, बरं," ते म्हणाले, "आणि पैसेही महिन्याच्या महिन्याला."