बोक्याची चटई

माझी धाकटी जाऊ बुटांच्या कारखान्यात सोल तपासते. बावीस वर्षं, एकाच टेबलावर. समोरच्या पट्ट्यावरून सोल येत राहतात. ही एकेक उचलते, दुमडते, अंगठा फिरवते, नाकाशी नेते आणि चांगल्याच्या नाहीतर रद्दीच्या खोक्यात टाकते. घरातही तीच खोड. भेंडी मोडून बघेल, उशी दाबून बघेल, दुकानदाराला पुरतं नकोसं करून सोडेल. लग्न होऊन आली तेव्हा मलाही तिने असंच तपासून घेतलं असणार. कुठल्या खोक्यात टाकलं ते अजून कळलेलं नाही.

आमची घरं एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून. माझे दीर जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची एकुलती एक लेक, तिला आम्ही सगळे बारकी म्हणतो. आता ती आमच्या घरात सगळ्यांत उंच आहे, पण नाव काही बदललं नाही. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी ती लांबच्या शहरात गेली, गाडीने दोन दिवसांची वाट. जाताना स्वतःचा कुत्रा आईपाशी ठेवून गेली. त्याचं नाव बोक्या. पिल्लू असताना दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना मी त्याला पकडला आणि म्हटलं, हा कुत्रा नाही, बोका आहे. तेच चिकटलं. मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

तर हा बोक्या, अंगाने चांगला दांडगा, पण काळीज चिमणीएवढं. धाकटी कामावर निघाली की थरथर कापायचा. दार ओरबाडायचा आणि मग रडायला लागायचा. भुंकणं परवडलं हो, रडणं नाही. ते भिंतीतून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचं आणि माझं हातातलं काम राहायचं. मग मी किल्ली घेऊन जायची, त्याला चार शिव्या द्यायची आणि तो गप्प होईपर्यंत तिथेच पेपर वाचत बसायची. काय करणार, शेजार आहे.

आणि एके दिवशी बारकीचा फोन आला. तिने नवं घर घेतलं होतं भाड्याने, तळमजल्यावर, मागे थोडी मोकळी जागा असलेलं. म्हणाली, "आई, आता बोक्याला माझ्याकडे पाठव."

पाठवायचं म्हणजे काय, तर जनावरं पोचवणारी एक गाडी त्या बाजूला जाते, दोन महिन्यांतून एकदा. गाडीवाल्याची अट एकच. कुत्रा पिंजऱ्यात तासभर शांत राहिला पाहिजे, मालक नजरेसमोर नसताना. तो स्वतः येऊन बघणार. एक रडलं की गाडीतली सगळी रडतात, असं तो म्हणाला. आमच्या हातात सहा आठवडे होते. बोक्या शांत व्हायला शिकला तर जाणार, नाही शिकला तर राहणार.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "वा गं वा. कुत्र्याला बोलावलं, आईला नाही."

धाकटी कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "कुत्रा तिचाच आहे, ताई. मी नुसता सांभाळायला घेतला होता."

"तीन वर्षं सांभाळलास. रात्री तुझ्या पायाशी झोपतो तो. सांग ना तिला, नाही शिकत म्हणून. ती थोडीच बघायला येणार आहे?"

"मला माहीत असेल ना," ती म्हणाली. "आजवर खराब माल चांगल्यात टाकला नाही, तसा चांगला माल खराब म्हणून फेकलाही नाही." आणि तिने चिमटे तोंडात धरले, म्हणजे पुढे बोलायचं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला लिक मॅट घ्यायला सांगितलं. मी त्याला चाटायची चटई म्हणते. ताटाएवढी रबरी चटई असते, तिच्यावर खाचाखोचा. त्यांत मऊ काहीतरी चोपडायचं आणि कुत्र्यासमोर ठेवायचं. चाटत राहिलं की कुत्र्याचा जीव थाऱ्यावर येतो म्हणे. मी म्हटलं, आमच्या जीवासाठी पण एखादी निघाली तर कळवा.

दुकानात मीही गेले होते. दुकानदाराने काउंटरवर आठ-दहा चटया पसरल्या. लाल, निळ्या, हाडाच्या आकाराच्या, माशाच्या आकाराच्या. धाकटीने रंगांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिली उचलून दुमडली. घडीवर पांढरी रेघ उमटली. "भेसळ आहे," म्हणून बाजूला. दुसरी नाकाशी नेली. "वास मारतोय. हे पोटात जायचं आहे." तीही बाजूला. तिसरीच्या कडेत नख रोवून बघितलं. "याचा तुकडा पडेल, तो गिळेल." दुकानदार आधी हसत होता, मग त्याने हसणं सोडलं आणि शेवटी खुर्चीत बसून घेतलं.

"बाई, कुत्र्यासाठीच घेताय ना?" त्याने विचारलं.

"हो ना," मी म्हटलं, "सून बघायला आलो असतो तर इतका वेळ लागला नसता."

त्या दिवशी एक घेतली, बारीक उंचवट्यांची. बोक्याने ती दोन मिनिटांत साफ केली आणि मग कोपरा चावत बसला. ती परत केली. दुसरी आणली, खोल कप्प्यांची. तिच्यात तळाशी अन्न राहिलं, जीभ पोचेना आणि तो कावराबावरा होऊन कुंईकुंई करायला लागला. शांत व्हायचं राहिलं, उलट जास्त बिथरला. तीही परत. तिसरी मात्र जमली. जाड, मऊ, मध्यम खाचांची, आणि मागे चिकटणाऱ्या वाट्या, म्हणजे प्रवासासाठी आणलेल्या प्लास्टिकच्या पिंजऱ्याच्या गुळगुळीत भिंतीला पक्की बसेल, गाडी हलली तरी पडणार नाही. भोपळा उकडून, दह्यात कालवून, तिच्यावर पातळ थापायचा आणि थोडा वेळ बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. मग चांगली पंचवीस मिनिटं पुरायची. धाकटीने घड्याळ लावून पाहिलं होतं.

पण तिनेही एक चूक केली. ती चटई कामावर निघताना द्यायची. तीन दिवस बरं चाललं. चौथ्या दिवशी तिने चटई नुसती बाहेर काढली आणि बोक्या पलंगाखाली जाऊन बसला. पोट जमिनीला टेकलेलं, कान पडलेले. चटईला तोंड लावेना. मी भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकलं, ते आधीपेक्षा वाईट होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही फक्त निघतानाच देता ना? मग त्याच्यासाठी चटई म्हणजे तुमचं जाणं झालं. घरात असताना द्या. शेजारी बसा. तो चाटेल तितका वेळ उठू नका. मग रोज एकेक पाऊल लांब बसायचं."

त्या संध्याकाळपासून धाकटी कामावरून आली, हातपाय धुतले, की पिंजऱ्याशी मांडी घालून बसायची. पिंजऱ्याचं दार उघडं, आतल्या भिंतीला चटई, बोक्याचं अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. तिचा हात त्याच्या पाठीवर. खोलीत फक्त चाटण्याचा आवाज. मी डोकावायची तर ती ओठांवर बोट ठेवायची. इतक्या वर्षांत मी तिला अशी रिकामी बसलेली पाहिली नव्हती. टीव्ही नाही, निवडणं-टिपणं नाही, काही नाही. एकदा आपणहून म्हणाली, "ताई, दिवसभर मी ह्याच वेळेची वाट बघते." तिच्या चेहऱ्यावर मी किती वर्षांनी सुख पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला रडू आलं, कारण दिवस तर संपत चालले होते.

मग ती एक पाऊल सरकली. दुसऱ्या दिवशी दोन. जमिनीवर खडूने खूण करायची आणि तिथे बसायची. आठवड्याने ती पलंगाशी होती, मग खिडकीशी, मग स्वयंपाकघराच्या दारात. बोक्या आधी मान उचलून बघायचा, ती आहे ना एवढं बघायचा आणि पुन्हा चाटायला लागायचा. मग तो कमी वेळा बघायला लागला. ज्या दिवशी त्याने एकदाही बघितलं नाही, त्या दिवशी धाकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आज नाही बघितलं." मी म्हटलं, "मग छानच की." ती म्हणाली, "हो, छानच." आणि माझ्या ओट्याशी पाच मिनिटं उगाच उभी राहिली.

एकदा मी रागाने म्हटलं, "तुला स्वतःच्या हाताने असं करवतं तरी कसं? त्याला तुझ्यावाचून राहायला शिकवतेयस तू."

"बारकीला शिकवावं लागलं नाही," ती म्हणाली. "ती आपली आपण शिकली." तिने खडू उचलला आणि ती जिन्यात जाऊन बसली. आता मधे दार होतं, तेही लावलेलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी गाडीवाला आला. पोट सुटलेला, हळू बोलणारा माणूस. त्याने बोक्याला पिंजऱ्यात घातलं, चटई लावली, दार लावलं आणि आम्हाला खाली पाठवलं. स्वतः वर बसून राहिला. धाकटी आणि मी शेवटच्या पायरीवर. मी मनातल्या मनात बोक्याला विनवत होते, हे आज खरं सांगते. रड रे बाबा. एकदा रड. मी तुला रोज भोपळा घालीन. मी कान देऊन बसले होते. वरून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

धाकटीने माझा हात घट्ट धरला होता. तासाच्या शेवटी म्हणाली, "ताई, थोडा रडला असता तरी चाललं असतं."

गाडीवाला पिंजरा घेऊन खाली आला. म्हणाला, इतका शहाणा कुत्रा या वर्षात पहिला. धाकटीने आणखी दोन चटया त्याच्याकडे दिल्या, थंडगार, फडक्यात गुंडाळलेल्या, कुठली कधी द्यायची ते सांगितलं. मग पिंजऱ्याच्या दाराच्या जाळीतून दोन बोटं आत घातली. बोक्या रिकामी झालेली चटईच चाटत होता. त्याने तिची बोटं चाटली आणि पुन्हा चटईकडे वळला. गाडी गेली. धाकटी कामावर गेली. तिने त्या दिवशी रजा काढली नव्हती.

आठवडाभर ती माझ्याकडेच जेवली. आठव्या दिवशी संध्याकाळी बारकीचा फोन आला. पोचला म्हणून तिने तिसऱ्या दिवशीच कळवलं होतं, आता आवाज रडवेला होता. धाकटीने फोन ओट्यावर ठेवला, मला पण ऐकू येईल असा.

"आई, हा चाटतच नाही गं. चटई लावली, भोपळा, दही, सगळं तू सांगितलंस तसं. कोपऱ्यात बसून राहतो आणि मी निघाले की रडतो. शेजारी काल दोनदा आले."

"तू शेजारी बसतेस का?"

"बसते ना, पाच-दहा मिनिटं."

"पाच-दहा मिनिटांनी नाही होत. तो चाटायला लागेपर्यंत उठायचं नाही. रोज."

"आई, मी सकाळी आठला जाते, सातला येते. मला कुठे एवढा वेळ?"

धाकटीने आयुष्यात लेकीवर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. दीर गेले तेव्हाही ती कुणावर ओरडली नाही. त्या दिवशी ओरडली. "मग नेलास कशाला त्याला? माझ्यापाशी होता तो. माझ्यापाशी बरा होता. आणि तू तरी गेलीस कशाला?"

मी गॅस बंद केला. मला वाटलं, फोन कटला. मग बारकीचं रडणं ऐकू आलं, लहानपणी दार अंगावर आपटलं होतं तेव्हा रडली होती तसं, श्वास अडकून अडकून.

"मला घरी आल्यावर कुणीतरी हवं होतं, आई," ती म्हणाली.

धाकटी ओट्याला धरून उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं.

"मला पण गं," ती म्हणाली.