ओलं बारदान

घराच्या वरच्या मजल्यावर सासऱ्यांनी अभ्यासिका काढली, तेव्हा आमच्या गावात एसीची अभ्यासिका ती पहिलीच. सासरे मिलिटरीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन घेऊन गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. भरतीची तयारी करणारी तीस-चाळीस पोरं-पोरी खाली मान घालून वाचताना दिसली, की त्यांना आपली पलटण परत मिळाल्यासारखं वाटे. हजेरी मी घेत असे. दाराबाहेर चपलांची रांग वाकडी दिसली तर ओरडायचं कामही माझ्याकडंच.

अडचण एकच होती. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की आमच्या गावावर काजळी पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, माणसांच्या टकलांवर, कुठंही. गच्चीवर एसीच्या पाइपाचं एक तोंड होतं, बाहेरची ताजी हवा आत ओढणारं. तिथून काजळी थेट पोरांच्या वह्यांवर उतरू लागली. मग मी अक्कल चालवली. माठाला गुंडाळतात तसं ओलं बारदान त्या तोंडावर घट्ट बांधलं आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायला लागले. काजळी अडली. शिवाय खोलीत हवा इतकी गार यायला लागली, की एसी बंद ठेवून नुसता त्याचा पंखा चालवला तरी भागे. सासऱ्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. सासऱ्यानं सुनेचं असं कौतुक करणं आमच्याकडं रोज घडत नाही. पुढं महिनाभर मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

अभ्यासिकेत माण तालुक्यातली एक मुलगी होती. शेरडांमागं पळत वाढलेली, काटक. वडील मुंबईत हमाली करायचे. घरच्यांनी तिला बजावलं होतं, यंदा पोलिसात लागलीस तर ठीक, नाहीतर मुंबईचं स्थळ तयार आहे. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. पण त्याआधी मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, आणि त्यात आठशे मीटर पळणं. सासरे रोज पहाटे स्टॉपवॉच घेऊन पोरांबरोबर जायचे आणि घरी येऊन तिचंच टायमिंग सांगायचे.

जानेवारीपर्यंत सगळं झकास होतं. मग तिला धाप लागायला लागली. दुसऱ्या फेरीला छातीत शिट्टी वाजायची, खोकल्यानं ती वाकायची. वेळ दिवसेंदिवस वाढत गेली. सासऱ्यांकडं यावर एकच औषध, आणखी दोन फेऱ्या. माझ्याकडं त्याहून स्वस्त औषध होतं. मी तिला हसत हसत म्हणाले, पळायची वेळ झाली की बरा गं तुला खोकला येतो. ती हसली नाही. उलट जास्त वेळ खुर्चीत बसून वाचू लागली. ती खुर्ची मीच मेहेरबानी म्हणून दिलेली, पाइपातली हवा खोलीत सोडणाऱ्या जाळीच्या बरोब्बर खाली, सगळ्यांत गार.

कुणीतरी म्हणालं, खोलीत कुबट वास येतोय. सासऱ्यांनी ऊद घातला. वास गेला, म्हणजे आम्हाला तरी तसं वाटलं.

उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला. त्यानं ती जाळी उघडली, आत बॅटरी मारली आणि मला स्टुलावर चढायला सांगितलं. पाइपाच्या आतलं अस्तर भिजून काळं-हिरवं पडलं होतं. बोट लावलं तर भुकटी उडाली. बारदान कुणी बांधलं, असं त्यानं विचारलं. हजेरीला पोरं करतात तसा मी स्टुलावरूनच हात वर केला.

"आवं वहिनी, काजळी निदान डोळ्याला तरी दिसती," तो म्हणाला. "ही बुरशी दिसत बी न्हाई, आन् थेट छातीत जाती."

सासऱ्यांनी तिथल्या तिथं खोली बंद केली. अस्तर उपसून फेकलं, पाइप धुऊन वाळवला, गच्चीवरच्या तोंडाला धुता येईल अशी कोरडी जाळी बसली. पोरं खालच्या ओसरीत बसून वाचू लागली, वह्यांवर काजळी झेलत.

त्या मुलीला मात्र मलाच सांगावं लागणार होतं. दोन दिवस मी टाळलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगून टाकलं. बारदान, पाणी, बुरशी, आणि तिला त्याच्याखाली बसवणारी मी. शिव्या खायची माझी तयारी होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजी ताई," ती म्हणाली, "माझ्या छातीत खोट न्हाई?"

मग ती रडायलाच लागली. महिनाभर तिला वाटत होतं, आपल्याला काहीतरी मोठा आजार जडलाय. घरी कळलं तर परत बोलावतील, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरलाही दाखवलं नव्हतं, तो तसंच म्हणाला तर काय, या भीतीनं. आणि मी तिची थट्टा करत होते. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याच दुपारी तिला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी औषध दिलं आणि मोकळ्या हवेत राहायला सांगितलं.

मैदानाला तीन आठवडे उरले होते. शिट्टी हळूहळू थांबली. खोकला पूर्ण गेला की नाही, हे ना मला माहीत होतं ना तिला.

चाचणीसाठी सांगलीला तिच्याबरोबर मी गेले. आत सोडत नाहीत, म्हणून तारेच्या कुंपणाला नाक लावून उभी राहिले. ती तिसरी आली आणि रेषेपलीकडं जाऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली. तिची वेळ किती झाली हे मला बघायचंच सुचलं नाही. मी नुसती खोकल्याची वाट बघत होते. तो आला नाही. ती सरळ उभी राहिली, कुंपणापाशी मला शोधलं आणि तिथूनच मला दिसेल असा एक लांब श्वास आत घेऊन दाखवला.