फळ्यावरचा रिकामा रकाना

ताई गेल्यावर तिच्या उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, ते मला कळेना. कपाटात अडीच पाकिटं होती. आई म्हणाली, फेकून दे. माझ्याने फेकवेना. तेराव्यानंतरच्या सोमवारी रजा टाकून मी ती पनवेलच्या इस्पितळात परत द्यायला गेलो. तिथे आम्ही बावीस वर्षं जात होतो.

ताईला आवाज ऐकू यायचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते सुरू झाले. तेव्हा वडील भिवपुरीच्या वीजकेंद्रात होते आणि आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आमची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून होती. ताई जोरात बोलू लागली की आई रेडिओ मोठा करायची. लोकांना सांगायचं, तिचं डोकं दुखतं. मीही तेच सांगायचो. पुढे वडील गेले, आम्ही दहिवलीत राहायला आलो, तेव्हा ‘ताई मावशीकडे असते’ असंही सांगू लागलो. ती आतल्या खोलीत असायची. या हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. हे मात्र आम्ही सगळ्यांना खरं सांगितलं. सांगण्यासारखा आजार एकदाचा मिळाला होता.

इस्पितळात डॉक्टर नव्हते. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसणाऱ्या मॅडम होत्या. गेली दहा वर्षं ताईशी त्याच बोलत. आवाज खरे की खोटे यावर तिच्याशी वाद घालू नका, तिला भीती वाटतेय का ते विचारा, हे त्यांनी मला आणि आईला शिकवलं. खिशात यादी ठेवून एकटीने भाजी आणायला त्यांनीच ताईला तयार केलं. पहिल्या दिवशी ताई नुसती कोथिंबीर घेऊन आली आणि दिवसभर ती जुडी हातातून सोडेना.

मॅडमनी गोळ्या घेतल्या आणि मला बसवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “मॅडम, तुमच्यासारख्या नर्स सगळीकडे हव्यात.”

त्या हसल्या. “मी नर्स नाही हो. रक्त बघितलं की मला चक्कर येते. मी मानसोपचारातली समाजकार्यकर्ती. त्याचं वेगळं शिक्षण असतं.” मग म्हणाल्या, “इथे आमची एक जागा कधीची रिकामी आहे. माणूसच मिळत नाही. असं काम असतं हेच मुलांना ठाऊक नसतं. तुम्ही लायब्ररियन. दहा वर्षं माझ्यासमोर बसलात, तुम्हालाही ठाऊक नव्हतं.”

परतताना ते वाक्य माझ्याबरोबर आलं. घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं की आमच्या कॉलेजच्या मेळाव्याला मॅडमना आणायचंच.

आमचं ज्युनियर कॉलेज कर्जतचं. खालापूर, खोपोलीकडूनही मुलं येतात. दर जानेवारीत करिअर मेळावा असतो. त्याची रीत ठरलेली आहे. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर रकाने आखतात. पोलीस भरती, नर्सिंग, बँक, हॉटेल. ज्याला जिथे बसायचं त्याने तिथे स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. पंचवीस नावं झाली की वर्गखोली मिळते, नाही झाली तर रकाना पुसतात. मॅडम यायला तयार झाल्या, मेंदूवर संशोधन करणाऱ्या एकालाही आणते म्हणाल्या. प्राचार्यांनी माझं ऐकून एक रकाना वाढवला. वर मी खडूने लिहिलं : मन आणि मेंदू. “मेळावा शनिवारी, नावं शुक्रवारी बारापर्यंत,” ते म्हणाले. “पंचवीस म्हणजे पंचवीस हां सर.”

बुधवारपर्यंत नर्सिंगला जागा उरली नव्हती. पोलीस भरतीची नावं फळ्याच्या चौकटीवर गेली होती. माझा रकाना कोरा. बुधवारी दुपारी एक नाव दिसलं, म्हणून मी जवळ गेलो. तोवर बारावीचा एक मुलगा धावत आला आणि तळहाताने ते पुसू लागला. दोस्तांनी गंमत म्हणून लिहिलं होतं.

“काय रं, ठाण्याचं तिकीट काढलंस काय?”

“तुज्या बापाचं काढलंय!”

“रिटर्न काढ रं, नायतर तिकडंच ऱ्हाशील!”

ठाणं म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. नुसता लायब्ररीत परत आलो.

तिथे बसून मला एक युक्ती सुचली. फळ्यावर लिहायला मुलं लाजतात, तर फळा नकोच. जुन्या पुस्तक-मागणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे पडून होता. टेबलावर खोका ठेवला आणि वर लिहिलं : नाव गुप्त राहील. गुरुवारी संध्याकाळी खोक्यात एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. मी दोनदा मोजल्या. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच काही साधल्यासारखं वाटलं. लगेच मॅडमना फोन लावून खोक्याचं सांगितलं.

त्यांनी एकतीसचा आकडा ऐकून घेतला. मग विचारलं, “नर्सिंगलाही चिठ्ठ्याच आहेत का?”

“नाही. ते फळ्यावर.”

“पोलीस भरती?”

“फळ्यावर.”

“मग आम्हालाच खोका का, सर? आम्ही आमच्या नोकरीबद्दल सांगायला येतोय. तुम्ही तर आत्ताच आमची ओपीडी करून टाकलीत.”

मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, सॉरी नको, उद्या बारापर्यंत वेळ आहे ना.

फोन ठेवल्यावर मी खोक्याकडे बघत राहिलो. नाव गुप्त राहील. अक्षर माझं होतं, पण त्यात क्वार्टरमधला रेडिओ वाजत होता. ताईला लपवण्याचं काम मी इतकं मन लावून शिकलो होतो की तिच्यासाठी काही करायला गेलो तेव्हाही तेच केलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी खडू घेऊन फळ्यापाशी गेलो. व्हरांडा भरलेला होता. रिकाम्या वेळी गेलो असतो तर ती पुन्हा चिठ्ठीच झाली असती. रकान्यात सगळ्यात वर मी माझं नाव लिहिलं. खाली लिहिलं : माझ्या ताईला बावीस वर्षं मनाचा आजार होता. तिची काळजी घेण्याचं काम ज्या शिकलेल्या माणसांनी केलं, ती आपल्याकडे येणार आहेत. मी या खोलीत बसणार आहे.

‘बावीस’ वाकडं आलं. मागची मुलं वाचायला पुढे सरकली होती.

अकरावी आर्ट्सची एक मुलगी पुढे आली. खोपोलीच्या बाजारात तिच्या अब्बांचं किराणा दुकान आहे. ती शनिवारी पुस्तक बदलायला येते आणि कधी बोलत नाही. तिने माझ्या हातातला खडू घेतला, माझ्या खाली नाव लिहिलं, रोल नंबर लिहिला.

“ए, हिनं पण ठाण्याचं तिकीट काढलं!” मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. “काढलंय. तू येतोस काय? खिडकीची जागा ठेवते.”

हशा झाला, पण या वेळी त्या मुलावर. मग आणखी दोघी आल्या. मग सायन्सचा एक मुलगा. बारा वाजता प्राचार्य आले. त्यांनी बोटाने नावं मोजली. माझं धरून एकोणीस.

“सर, नियम नियमच,” ते हळूच म्हणाले. “खोली नाही देता येणार.”

“मग लायब्ररीत घेतो. तिला रकाना लागत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. “खुर्च्या कमी पडतील तुम्हाला. माझ्या केबिनमधल्या न्या.”

शनिवारी मॅडम आल्या. बरोबर तो मेंदूवर संशोधन करणारा तरुण होता, नेरळकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. तोच आधी बोलला. “गावात मला विचारतात, डॉक्टर झालास काय रं? मी म्हणतो, नाय. इंजिनीयर? नाय. मग करतोस काय? मी म्हणतो, मासे बघतो.” एका जातीच्या माशाचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं, त्याचा जिवंत मेंदू काम करताना भिंगाखाली दिसतो, असं त्याने सांगितलं.

“सर, मग नंतर ते मासे खाता काय?” सायन्सच्या मुलाने विचारलं.

“अरे, तांदळाच्या दाण्याएवढा पण नाय तो! कालवण कसं करू?” मग तो गंभीर झाला. “माणूस घाबरतो तेव्हा डोक्यात काय होतं, ते अजून कुणालाच पूर्ण ठाऊक नाय. म्हणून ही नोकरी हाय.”

मॅडमनी त्यांचा एक दिवस सांगितला. सकाळी ओपीडी, दुपारी कुणाच्या तरी घरी जाणं, संध्याकाळी नोंदी. खोपोलीच्या मुलीने हात वर केला. “मॅडम, आर्ट्सवाल्यांना चालतं?”

“मी आर्ट्सचीच. आधी बी.ए., मग समाजकार्यातली पदवी, मग मानसोपचारातलं पुढचं शिक्षण. वेळ लागतो.”

“आणि रडायला येतं का?”

“येतं की. मग चहा पिते. दुसऱ्या दिवशी परत जाते. ते परत जाणंसुद्धा शिकवतात.”

त्या मुलीने हे वहीत उतरवून घेतलं. बी.ए. पासून चहापर्यंत सगळं. निघताना तिने मला विचारलं की यातलं एखादं पुस्तक आहे का. होतं. मीच ते मागच्या कपाटात, ‘इतर’मध्ये ठेवलं होतं. काढून दिलं, आणि ती गेल्यावर त्या कप्प्यातली सगळी पुस्तकं पुढच्या कपाटात आणली.

आईला फळ्याबद्दल मी सांगितलं नव्हतं. दहिवलीत बातमी माझ्याआधी पोचली. घरी आलो तर ती ओट्यापाशी पाठमोरी, भाकरी थापत होती.

“तू ताईचं लिवलंस म्हणं, कॉलेजात.”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“हो. आई, मी आता लपवणार नाही. तुला राग आला तरी.”

तव्यावरची भाकरी तिने उलटली. पाठ माझ्याकडेच ठेवून दुसरी थापायला घेतली. मला वाटलं, रडतेय. पण वळली तेव्हा डोळे कोरडे होते.

“नाव लिवलंस का तिचं?”

“नाही. नुसतं ताई लिहिलं.”

“ताई तुजी. लोकांना काय कळणार कोण ते?” ती म्हणाली. “पोरीला नाव होतं. मी ठेवलेलं.”

रविवारी कॉलेज बंद होतं. शिपाईमावशींकडून किल्ली आणली. फळा अजून पुसलेला नव्हता. ‘माझ्या ताईला’ या शब्दांच्या वर, बारीक जागेत, मी तिचं नाव आणि आडनाव लिहिलं. या वेळी अक्षर सरळ आलं.