बाळारामकाकांच्या रानातली पाखरं

बाळारामकाकांना राग आला की ते आधी पान थुंकतात, मग बोलतात. २००६ च्या त्या आठवड्यात चौकीसमोरची माती लालेलाल झाली होती.

भिवंडीजवळच्या शेलार गावापुढे राखीव रान आहे. काका तिथे सोळा वर्षं रखवालदार. वरून हुकूम आला, रानातल्या पतंगांची, म्हणजे रातपाखरांची, मोजणी करा. ठाण्याहून एक सर आले. पांढरा पडदा बांधायचा, पुढे मोठा दिवा लावायचा आणि पडद्यावर बसतील ती पाखरं लिहायची. दोन रात्रींत बसले नऊच प्रकार. सर बोलतात नाकातून. "बाळाराम, या रानात विशेष काही नाही, असंच लिहावं लागलं."

"न्हाय? माझ्या रानात न्हाय?" थू! "ती समोरची भिंत बघा की!"

कुंपणापलीकडे नवं गोडाऊन, भिंतीवर आठ हॅलोजन. रानातली पाखरं झाडून तिकडे जायची. सकाळी वॉचमन ती टोपलीभर लोटून टाकायचा. एक रात्र दिवे बंद ठेव म्हणून काका त्याला सांगायला गेले, तर त्याने हातच जोडले. "काका, सेठ नौकरी खा जायेगा मेरी!"

सरांचा दिवा चौकीच्या विजेवर. म्हणून ते लोडशेडिंग संपल्यावर, दहानंतरच पडदा बांधायचे.

"अवो, लाइट आली की हॅलोजनबी येतात! लाइट जाते तवा बांधा!"

"मग माझा दिवा कशावर लावू?"

"ते माझ्यावर सोडा."

लाइट गेली की भिवंडीतले लूमवाले कपाळाला हात लावतात. त्या दिवशी एकटे काका ती जायची वाट बघत होते. हिरामण मांडववाल्याचा, हळदीला लावतात तो जनरेटर त्यांनी टेम्पोत घालून आणला. आठला आठही हॅलोजन गेले. नऊपर्यंत पडद्याचं कापड दिसेना. हिरवी, तपकिरी, मिशाळ, आणि मधोमध बशीएवढं एक.

"त्रेसष्ट प्रकार! वंडरफुल, बाळाराम!"

"वंडरफुल मागनं. काल काय लिवलंत ते आधी खोडा."

सरांनी खोडलं.

"आन् हॅलोजनचं लिवा."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही हो."

"दोन रात्रीत माझं रान रिकामं लिवायला रकाना होता, आन् याला न्हाय? काढा नवा!"

सर खिशात पट्टी शोधू लागले. काकांनी चौकीची हजेरीवही त्यांच्या कागदावर आडवी दाबून धरली.

"हिच्या कडेनं मारा रेघ. सरळ येते."